सेराडोच्या माळावरचा सोयाबीनचा हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलें शहरात संयुक्त राष्ट्रांची तिसावी हवामान परिषद भरली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष साहजिकच ॲमेझॉनच्या जंगलाकडे होते. परिषदेसाठी जागाच मुळी ॲमेझॉनच्या मुखाजवळ निवडण्यात आली होती. परंतु परिषदेच्या काही दिवस आधी ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेने जी वार्षिक आकडेवारी जाहीर केली, तिच्यातील दुसरी ओळ फारशी कोणी वाचली नाही. जुलै २०२५ अखेर संपलेल्या बारा महिन्यांत ॲमेझॉनमध्ये ५,७९६ चौरस किलोमीटर जंगल तुटले. त्याच काळात 'सेराडो' या सव्हाना प्रदेशातील ७,२३५ चौरस किलोमीटरवरची नैसर्गिक वनस्पती नाहीशी झाली. हे क्षेत्र आपल्या लातूर जिल्ह्यापेक्षा थोडे अधिकच भरते. सेराडोचा विस्तार ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या जेमतेम निम्मा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधील अंतर अधिकच बोलके ठरते. त्यातही ही घट झाल्यानंतरची स्थिती आहे. २०२३ मध्ये हाच आकडा ११,०११ चौरस किलोमीटरवर पोहोचला होता.

महाराष्ट्रातील दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना शिकवली जाते. त्यामुळे ब्राझीलची उच्चभूमी हा शब्द अनेक घरांत ऐकलेला असतो. याच उच्चभूमीवर सुमारे २० लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे साडेसहा महाराष्ट्र मावतील एवढ्या क्षेत्रावर सेराडो पसरला आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'बंदिस्त' वा 'दाट' असा होतो; गुराख्यांना व प्रवाशांना काट्याकुट्यांतून वाट काढणे कठीण जाई, त्यावरून हे नाव पडले असावे. प्रत्यक्षात हा प्रदेश म्हणजे गवताळ माळ, त्यावर विखुरलेली वेडीवाकडी ठेंगणी झाडे आणि सखल भागात ओल धरून राहिलेल्या दलदलीच्या पट्ट्यांत उभे असलेले बुरिटी ताड. येथे पाऊस कमी पडतो असे मुळीच नाही. वर्षाला सरासरी १,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, मराठवाड्याच्या दुपटीहून थोडा कमी. मात्र तो ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात पडतो आणि उरलेले पाच महिने कोरडे जातात. या कोरड्या महिन्यांत वणवे लागतात. माती अतिशय जुनी, लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली, आम्लधर्मी आणि ॲल्युमिनियमने भरलेली. घनदाट जंगल येथे का वाढले नाही याचे उत्तर या तिन्ही गोष्टींत मिळून आहे.

अशा जमिनीवर जे तग धरते ते जमिनीखाली राहते. सेराडोतील झाडांची खोडे बुचासारख्या जाड सालीने मढलेली असतात, म्हणून आगीतून ती वाचतात. अनेक झुडपे दर उन्हाळ्यात वरून जळून जातात आणि जमिनीतल्या लाकडी गाठीतून पुन्हा फुटतात. कित्येक झाडांची मुळे दहा-पंधरा मीटर खोल जाऊन कोरड्या महिन्यांतही पाणी ओढतात. या वनस्पतींचा जमिनीवर दिसणारा भाग बहुधा जमिनीखालच्या भागाहून कमी असतो, आणि म्हणूनच त्याला 'उलटे जंगल' असे म्हटले जाते. युजेन वार्मिंग या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६३ ते १८६६ या काळात लागोआ सांता या गावी राहून या वनस्पतींचा अभ्यास केला. परिसरशास्त्र या विद्याशाखेचा पाया घालणाऱ्यांत पुढे त्याची गणना झाली. आज या प्रदेशात १२ हजारांहून अधिक वनस्पतींची नोंद आहे आणि त्यांतील सुमारे ४० टक्के जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. सव्हाना प्रदेशांत इतकी विविधता दुसरीकडे नाही.

प्राण्यांचेही तसेच. लांब काटकुळ्या पायांचा, तांबूस अंगाचा 'मानेचा लांडगा' हा खरे तर लांडगाही नव्हे आणि कोल्हाही नव्हे. उंच गवतावरून पाहता यावे अशीच त्याची उंची आहे. मांसाहारी कुळातील हा प्राणी वांग्याच्या कुळातल्या 'लोबेइरा' नावाच्या झुडपाची फळे मोठ्या प्रमाणात खातो आणि विष्ठेतून त्याच्या बिया माळभर पसरवतो. २०२० मध्ये ब्राझीलने २०० रेआलची नोट काढली, तिच्यावर याच प्राण्याचे चित्र आहे. महाकाय मुंगीखाऊ, महाकाय खवल्या-कवचाचा आर्माडिलो आणि उडता न येणारा ऱ्हिया पक्षी हे त्याचे शेजारी. निळ्या डोळ्यांचा एक लहानसा होला १९४१ नंतर कोणाला दिसलाच नव्हता. तो २०१५ मध्ये मिनास जेराइस राज्यात पुन्हा सापडला. पण तो सापडला ती जागा एवढीशी आहे की, एखादा मोठा वणवा वा एखादे नांगर फिरवण्याचे परवानापत्र त्याचा निकाल लावण्यास पुरेसे आहे.

येथपर्यंतचे वर्णन ऐकून सेराडो जपला जावा असे कोणालाही वाटेल. मात्र पन्नास वर्षांपूर्वी ब्राझीलमधील शहाण्या माणसांनाही तसे वाटत नव्हते, आणि त्यांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. १९७० च्या सुमारास ब्राझील हा अन्नधान्य आयात करणारा देश होता. सेराडोच्या मातीत काही पिकत नाही, ही सर्वमान्य समजूत होती. १९७३ मध्ये 'एम्ब्रापा' ही कृषी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने हा प्रश्न मातीपासून हाती घेतला. हेक्टरी काही टन चुना टाकून मातीची आम्लता मोडण्यात आली. स्फुरद बाहेरून देण्यात आले. मुळात समशीतोष्ण कटिबंधातील असलेले सोयाबीन विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत वेळेआधीच फुलोऱ्यावर येत असे. दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वाण निवडून ती अडचणही दूर झाली. योहाना डोबेराइनर या संशोधिकेने मुळांवरील जिवाणूंकडून हवेतील नत्र मिळवण्याचा आग्रह धरला. त्यामुळे ब्राझीलचे सोयाबीन आजही जवळजवळ युरियाविना पिकते. भारतातील खतांच्या अनुदानाचे आकडे पाहता हा एकच धडा येथे घेण्याजोगा होता, असे म्हणावेसे वाटते. २००६ चे जागतिक अन्न पारितोषिक सेराडो लागवडीखाली आणणाऱ्या तिघांना मिळाले, ते योग्यच होते.

या विज्ञानामागे राजकारणही होते. देशावर लष्करी राजवट होती आणि देशाचा अंतर्भाग 'भरून काढणे' हे तिचे धोरण होते. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला, म्हणजे थेट सेराडोच्या मध्यावर, हलविण्यात आलेलीच होती. १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक निर्बंध घातले, त्याने जपान हादरला आणि त्याने ब्राझीलमध्ये पर्यायी पुरवठादार उभा करण्यासाठी पैसा ओतला. १९७९ मध्ये सुरू झालेला दोन्ही देशांचा संयुक्त कार्यक्रम दोन दशके चालला. दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल राज्यातून हजारो शेतकरी कुटुंबे स्वस्त जमिनीच्या शोधात उत्तरेकडे निघाली. १९७० मध्ये ब्राझीलचे सोयाबीन उत्पादन सुमारे १५ लाख टन होते. २०२४-२५ च्या हंगामात ते १७ कोटी टनांच्या घरात गेले. यातील निम्म्याच्या आसपास पीक सेराडोतून येते. सोयाबीन काढले की लगेच त्याच रानात मका वा कापूस घेतला जातो. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकून जगातील सर्वांत मोठा कापूस निर्यातदार हे स्थानही मिळवले.

पशुपालनाची कथा तर भारताशी थेट जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६२ पर्यंत भारतातून ब्राझीलमध्ये वळूंच्या खेपा गेल्या. आंध्रातील ओंगोल जातीपासून तेथे 'नेलोर' तयार झाली, काठियावाडच्या गीरपासून 'जिर' आणि कांकरेजपासून 'गुझेरा'. आज ब्राझीलमध्ये गुरांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक, २३ कोटींच्या आसपास आहे आणि मांसासाठी वाढवलेल्या गुरांत नेलोरचा वाटा सर्वांत मोठा. त्यांच्यासाठी चारा आला तो आफ्रिकेतून. ब्रॅकिआरिया हे आफ्रिकन सव्हानातील गवत सेराडोत कोट्यवधी हेक्टरवर पेरले गेले. म्हणजे भारतातील गाय आणि आफ्रिकेतील गवत यांनी मिळून दक्षिण अमेरिकेतील माळ व्यापला. हे आयात गवत शेतापुरते राहिले नाही. ते अभयारण्यांत शिरले असून मूळ गवतापेक्षा दाट वाढते, साहजिकच आगही अधिक तीव्र लागते.

या यशाची किंमत मोजायची झाल्यास पाण्यापासून सुरुवात करावी लागेल. ब्राझीलमधील बारा प्रमुख जलविभागांपैकी आठ विभागांना सेराडोतून पाणी मिळते. साओ फ्रान्सिस्को, टोकॅन्टिन्स आणि पाराना या नद्यांचे उगम वा प्रमुख स्रोत येथलेच. खोल मुळांची झाडे पावसाचे पाणी सच्छिद्र मातीत उतरवतात, ते भूजलात साठते आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांवाटे नद्यांना मिळते. त्या जागी चार महिन्यांचे, हातभर मुळांचे पीक आले की हे चक्र बिघडते. त्यात भर म्हणून पश्चिम बाहियात उरुकुइया या विशाल भूजल साठ्यावर फिरत्या सिंचन यंत्रांची वर्तुळे उपग्रहचित्रांत नाण्यांच्या राशीसारखी दिसतात. सेराडोतील ८१ पाणलोट क्षेत्रांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०५० पर्यंत नद्यांच्या प्रवाहात सुमारे एक तृतीयांश घट होण्याचा इशारा दिला आहे. आणि आजवरच्या घटीचे निम्म्याहून अधिक कारण हवामान बदल नसून जमिनीचा बदललेला वापर आहे, असेही त्यात म्हटले आहे. ब्राझीलच्या विजेचा मोठा हिस्सा धरणांतून येतो. २०२१ च्या दुष्काळात तेथील शहरवासीयांना वाढीव वीजबिले भरावी लागली, तेव्हा माळावरचे गवत आणि घरातला दिवा यांचा संबंध काहींच्या ध्यानात आला.

बाहियातील कोरेंतिना येथे हा प्रश्न नोव्हेंबर २०१७ मध्ये रस्त्यावर आला. नदी आटत असताना मोठ्या शेतांना पाणी उपसण्याचे परवाने दिले जात असल्याच्या संतापातून शेकडो ग्रामस्थांनी एका शेतातील सिंचन यंत्रणेची मोडतोड केली आणि नंतर हजारोंचा मोर्चा निघाला. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. पण या लोकांची बाजू कोणत्याही कार्यालयात ऐकली जात नव्हती, हेही तितकेच खरे. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक माळावर गुरे चारणारे, नदीकाठी थोडी शेती करणारे आणि पेकी, बारू यांसारखी रानफळे गोळा करणारे हे समाज आहेत. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नाही. ज्यांच्याकडे तो असतो त्यांचाही खरा असतोच असे नाही. खोट्या दस्तांनी जमीन लाटण्याच्या प्रकाराला ब्राझीलमध्ये 'ग्रिलाजें' म्हणतात. नवा कागद जुना दिसावा म्हणून तो रातकिड्यांसह पेटीत कोंडून ठेवण्याची युक्ती होती, आणि रातकिड्याला तेथे 'ग्रिलो' म्हणतात. आपल्याकडील सात-बाराच्या सुरस कथा ऐकलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटू नये.

या कथेला अलीकडे हिरवे वळणही लागले आहे. कायद्यानुसार प्रत्येक जमीनधारकाने काही भाग नैसर्गिक अवस्थेत राखावा लागतो. पठारावरची सपाट जमीन तर सोयाबीनखाली गेलेली. मग राखीव हिस्सा म्हणून खालच्या दरीतील जमीन दाखवली जाते, जेथे हे ग्रामस्थ राहत असतात. जमिनीची पर्यावरणीय नोंदणी मालकाच्या स्वयंघोषणेवर चालते आणि तिची पडताळणी वर्षानुवर्षे रेंगाळते. परिणामी, ज्यांनी माळ जपला त्यांच्याच हातून तो 'संरक्षणा'च्या नावाखाली निसटतो.

कायद्याचा विचार येथे थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण खरी गोम तेथेच आहे. २०१२ च्या वनसंहितेप्रमाणे ॲमेझॉनच्या जंगलात खासगी जमिनीचा ८० टक्के भाग राखावा लागतो. सेराडोत हे प्रमाण बहुतेक ठिकाणी केवळ २० टक्के आहे. ॲमेझॉनच्या प्रशासकीय हद्दीत येणाऱ्या भागात ३५ टक्के. याचा अर्थ सेराडोतील शेतकऱ्याने आपल्या रानातील पाचपैकी चार हिस्से साफ केले तरी तो गुन्हेगार ठरत नाही. ॲमेझॉनमधील तोड बव्हंशी बेकायदा असते, त्यामुळे पोलीस, दंड आणि उपग्रह यांच्या साह्याने ती रोखता येते. सेराडोत मात्र मोठा हिस्सा राज्य सरकारांच्या परवान्यांनी होतो. तेथे उपग्रह फक्त मोजणी करू शकतो. राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारने २०२३ च्या अखेरीस सेराडोसाठी स्वतंत्र कृती आराखडा पुन्हा सुरू केला आणि त्यानंतर दोन वर्षे तोड कमी झाली, याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. तथापि, मारान्याओ, टोकॅन्टिन्स, पियाउई आणि बाहिया या चार राज्यांच्या आद्याक्षरांवरून 'मातोपिबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात नांगर थांबलेला नाही. सेराडोतील बहुतांश नवी तोड याच पट्ट्यात होते. लुईस एदुआर्दो मागाल्यांइस हे तेथील सोयाबीनचे केंद्र असलेले शहर २००० साली नगरपालिका बनले. त्याआधी ते महामार्गावरचे एक ठिकाण होते.

बाहेरच्या बाजारपेठांनीही हाच भेद पाळला. २००६ मध्ये मोठ्या व्यापारी कंपन्यांनी जंगल तोडून पिकवलेले सोयाबीन न घेण्याचा करार केला, तो केवळ ॲमेझॉनपुरता. २०२५ पासून तर ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाने हरकत घेतल्याने तो करारही वादात सापडला आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीशी संबंधित मालाला प्रतिबंध करणारा नियम संमत केला. त्याची अंमलबजावणी दोनदा लांबवून डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली आहे. त्यातील जंगलाची व्याख्या पाच मीटरपेक्षा उंच झाडे आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र अशी आहे. सेराडोचा मोठा भाग या व्याख्येत बसतच नाही. त्यामुळे एका दाराने ॲमेझॉन वाचवताना दुसऱ्या दाराने नांगर माळावर ढकलला जाईल, ही अभ्यासकांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय ब्राझीलच्या सोयाबीनचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक युरोप नव्हे, चीन आहे. २०२५ मध्ये अमेरिकेशी आयात शुल्काची लढाई पेटल्यावर चीनने कित्येक महिने अमेरिकी सोयाबीन घेणेच बंद केले आणि त्याचा लाभ ब्राझीलला झाला. वॉशिंग्टन आणि बीजिंग यांच्यातील भांडणाचे पडसाद बाहियातील माळावर उमटतात ते असे.

ते लातूर आणि अकोल्याच्या बाजार समितीतही उमटतात. भारतात जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही, पण तेल मुक्तपणे येते. ब्राझील व अर्जेंटिना हे त्याचे प्रमुख पुरवठादार. देशी पेंडीला निर्यात बाजारात या दोन देशांशीच झुंजावे लागते. ब्राझीलमधील शेतकरी हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास उत्पादन काढतो. आपल्याकडे ते एक टनाच्या घरात घुटमळते. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. परंतु मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील प्रभावी आयात शुल्क २७.५ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर आणले गेले आणि ऑगस्टमध्ये कापसावरील आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले. शहरी ग्राहकाला तेलाची पिशवी परवडावी, हा त्यातील पहिला हेतू होता व तो समजण्यासारखा आहे. मात्र ती पिशवी स्वस्त होण्यामागे सेराडोतील आटणारी नदी आणि मराठवाड्यातील तोट्यातला शेतकरी असे दोघे आहेत, याची नोंद किमतीच्या छापील पट्टीवर नसते.

ब्राझीलचे हे प्रारूप इतरांनाही मोहात पाडते. मोझांबिकच्या सव्हानात सेराडोची पुनरावृत्ती करण्याचा ब्राझील व जपानचा प्रकल्प २००९ मध्ये आखला गेला. तेथील लहान शेतकऱ्यांनी आपली जमीन 'रिकामी' नाही हे ठणकावून सांगितले आणि २०२० मध्ये तो गुंडाळावा लागला. महाराष्ट्रातील माळरानेही सरकारी दफ्तरात दीर्घकाळ 'पडीक' म्हणूनच नोंदली गेली आहेत. धनगरांच्या मेंढ्या, लांडगे, काळवीट यांचा तो आसरा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची अवस्था सर्वांसमोर आहे. अशा माळावर झाडे लावून वा सौर पट्ट्या उभारून तो 'उपयोगात' आणल्याचे समाधान आपल्याकडेही मानले जाते.

ब्राझीलपुढे पर्याय नाही असे मात्र नाही. जुन्या कुरणांपैकी कोट्यवधी हेक्टर आज खुरटलेली, निकृष्ट झालेली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत चार कोटी हेक्टर निकृष्ट कुरणे पुन्हा लागवडीयोग्य करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तो पुरा झाला तर सोयाबीनसाठी एकही नवा माळ मोडावा लागणार नाही, असे कृषी खात्याचे म्हणणे आहे. एम्ब्रापाने पीक, कुरण व झाडे एकाच रानात फिरती ठेवण्याची पद्धत सिद्ध करूनही दाखवली आहे. अडचण आहे ती पैशाची. दमलेल्या कुरणात चुना, स्फुरद आणि बियाणे घालण्यास भांडवल लागते, आणि ते कुरण आधीच महाग असलेल्या जुन्या भागात असते. मातोपिबातील कोरा माळ मात्र स्वस्तात मिळतो, परवाना घेऊन साफ करता येतो आणि साफ होताच त्याचा भाव वाढतो. पेरणी होण्यापूर्वीच नफा हाती येतो. कुरणांसाठीच्या कर्जाचा व्याजदर या नफ्याशी स्पर्धा करू शकेल काय, आणि राखीव हिश्श्याची २० टक्क्यांची मर्यादा वाढविण्यास शेतमालकांचे वर्चस्व असलेली ब्राझीलची संसद कधी तयार होईल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे बेलेंच्या परिषदेत मिळणार नव्हतीच.